तीन रिंग थांबा

माझी लाज नेमकी कुठल्या दिवशी सुरू झाली ते मला सांगता येतं, कारण त्या दिवशी मी लिहिलेलं एक वाक्य अजून इंटरनेटवर आहे. इंग्रजीत आहे, आणि त्याचा अर्थ एवढाच की 'काही महत्त्वाचं नाही, जुनी टीप आहे.'

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे मी आणि एक एसी. पगाराच्या चिठ्ठ्या छापायच्या, साहेबांच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस काढायचा, प्रिंटर अडकला की तो उघडून बसायचं. या कामात डोकं लागत नव्हतं, म्हणून ते मी घरी आल्यावर दुसरीकडे लावायचो.

दुसरीकडे म्हणजे एका फोनच्या प्रोग्रामवर. ऑफिसात एक्सचेंजची पेटी असते, बाहेरून दोन-तीन लाइनी येतात आणि आत दहा-पंधरा टेबलांवर फोन वाजतात. त्या पेटीचं काम साध्या कॉम्प्युटरकडून करून घेणारा हा प्रोग्राम होता, आणि तो ओपन सोर्स होता. म्हणजे त्याच्या आत काय लिहिलंय ते जगापुढे उघडं. ज्याला हवा त्यानं फुकट घ्यावा, चूक दिसली तर दुरुस्त करून परत पाठवावी. निरनिराळ्या देशांतली वीस-पंचवीस माणसं बिनपगारी तो लिहीत होती आणि भारतातून त्यात मी एकटा होतो. हे मी इतक्या पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की विषय निघाला की बायको उठून चहा टाकायला जायची.

आपल्याकडच्या टेलिफोन लाइनी मात्र त्या प्रोग्रामला नीट कळत नसत. रिंग कधी आली, कधी थांबली, समोरच्यानं फोन ठेवला की लाइन नुसतीच मुकी झाली, हे ओळखायला एक वेगळा छोटा तुकडा जोडावा लागायचा. तो तुकडा कुणीतरी लिहून सीडीवर फुकट वाटत होतं. ते कुणीतरी नाशिकमध्येच, इंदिरानगरला, माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर राहतं हे मला वर्षभर माहीत नव्हतं.

ते कुणीतरी म्हणजे काका; ओळख झाल्यापासून मी त्यांना काकाच म्हणायचो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. नोकरी सगळी जिल्ह्यातच झाली, दिंडोरी, नांदगाव आणि शेवटची बरीच वर्षं सुरगाणा. निवृत्तीनंतर मुलाच्या टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर ते स्वतःच प्रोग्रामिंग शिकले. आधी सगळं वहीत पेननं लिहायचे, मग कॉम्प्युटरवर चढवायचे. मधेमधे स्वतःसाठी टिपा, रोमन अक्षरांत पण मराठीतून. 'इथे घाई करू नये.' 'सुरगाण्याची लाइन पावसाळ्यात खोकते, तिला रिंग समजू नये.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग लक्षात आलं की आमच्या त्या वीस-पंचवीस हुशार लोकांपैकी कुणालाही ही लाइन खोकते हे कळलं नसतं.

त्यांची एक पद्धत होती. काहीही बदललं की ते तालुक्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करायचे. 'जरा रिंग दे रे.' पलीकडून रिंग यायची आणि काका डोळे मिटून ऐकायचे. चार गावांहून चार रिंगा ऐकल्याशिवाय त्यांची नवी सीडी बाहेर पडत नसे. मी एकदा म्हणालो, 'काका, हे सगळं कॉम्प्युटरकडून तपासता येतं.' ते म्हणाले, 'येत असेल. पण रिंग माणसानं द्यायची असते ना?'

त्यांच्या तुकड्यात सगळ्यात वर एक टीप होती. 'तीन रिंग थांबा. लोक निरोप देतात.'

हा निरोप म्हणजे काय, ते त्यांनी मला एका रविवारी प्रत्यक्ष दाखवलं. सुरगाण्याकडच्या मुलींसाठी नाशिकमध्ये एका ट्रस्टचं वसतिगृह होतं, तिथे काकांनी आमचा प्रोग्राम बसवून दिला होता, फुकट. हॉलमध्ये एक फोन ठेवलेला. रविवारी सकाळी दहापासून मुली त्याच्याभोवती येऊन बसायच्या, कुणी वेणी घालतंय, कुणी तांदूळ निवडतंय. तिकडे डोंगरात चार पाड्यांना मिळून एकच पीसीओ. त्या पीसीओवाल्यानं वेळा ठरवून दिल्या होत्या, दहाला या पाड्याची रिंग, सव्वादहाला त्या पाड्याची, साडेदहाला तिसऱ्याची. दोनदा वाजवून फोन बंद. याचा अर्थ घरी सगळं ठीक आहे. कुणी उचलत नाही, म्हणून पैसे पडत नाहीत, म्हणून पीसीओवालाही काही घेत नाही. वाजली की ती मुलगी 'माझ्या घरची!' म्हणून उठायची आणि आपल्या कामाला लागायची. आणि रिंग आलीच नाही तर घरी काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

म्हणून तीन रिंग थांबायचं. तोपर्यंत प्रोग्रामनं बाहेरची लाइन उचलायची नाही, हॉलमधला फोन नुसता वाजू द्यायचा. चौथी रिंग आली तर समोरच्याला खरंच बोलायचंय, मग उचलून 'स्वागत आहे' वगैरे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की काकांचा तुकडा दर वेळी मोडायचा. मग ते महिनाभर बसून तो जुळवायचे, तोवर आमची पुढची आवृत्ती आलेली असायची. शेवटी गटात ठरलं की एका माणसाच्या सीडीवर अवलंबून राहण्यापेक्षा तो तुकडा आपल्या प्रोग्रामातच घेऊन टाकावा. ज्यानं लिहिला तो नाशिकचा, मीही नाशिकचा, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू.

काकाही खूश झाले. 'लेक चांगल्या घरी पडली,' काकूंना म्हणाले, आणि मला म्हणाले, 'आता नाव बदला, गाव बदला, तुमची झाली. फक्त आत काही हलवलंत तर मला सांगायचं. मी रिंग देऊन बघीन.'

मी म्हणालो, 'अर्थात, काका.'

तुकडा जोडायच्या आधी गटातल्या लोकांनी तो वाचला. परदेशातल्या एकानं सर्वांदेखत विचारलं की ही तीन रिंगांची वाट कशासाठी, फोन करणाऱ्याला ताटकळत का ठेवायचं, आणि वर त्या भाषेत काय लिहिलंय?

मला सगळं ठाऊक होतं. वसतिगृहाचं तर होतंच, पण त्याच्याही आधीपासून. नव्वदच्या दशकात मी नांदगावहून नाशिकला डिप्लोमाला आलो तेव्हा वडिलांच्या दुकानात नुकताच फोन आलेला. दर सोमवारी मी कॉलेजरोडच्या बूथवरून दोनदा वाजवून ठेवून द्यायचो. 'पोचलो, बरा आहे.' आई दुकानात गल्ल्यामागे येऊन बसायची म्हणे, केवळ तेवढं ऐकायला. एका सोमवारी मी मित्रांबरोबर पिक्चरला गेलो आणि विसरलो, तर मंगळवारी सकाळी वडील पहिल्या पॅसेंजरनं दारात हजर. म्हणजे तीन रिंग का थांबायचं, हे त्या वीस-पंचवीस लोकांत सांगू शकणारा मी एकच होतो.

आणि मला सांगायची लाज वाटली. आमच्याकडे माणसं रुपया वाचवायला फोन वाजवून बंद करतात, हे त्या गोऱ्या लोकांपुढे लिहायचं? त्यांच्यापुढे मी इतके दिवस पॉलिश केलेली इंग्रजी वाक्यं टाकत होतो. मी लिहिलं, 'काही महत्त्वाचं नाही, जुनी टीप आहे.' टीप पुसली. तिनाच्या जागी शून्य केलं. म्हणजे फोन आला की लगेच उचला. त्या माणसानं आभार मानले आणि मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

काकांना मी सांगितलं नाही. विसरलो म्हणालो तर ते निम्मं खरं होईल. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं, आणि ते कारण मला त्यांच्या तोंडावर म्हणता आलं नसतं.

नवी आवृत्ती सीडीवर घालून मीच त्यांना नेऊन दिली. ते म्हणाले, 'रिंग देऊन बघायला हवी.' मग स्वतःच हसले. 'आता एवढ्या लोकांनी बघितलंय. तूही बघितलंयस ना?'

'हो, काका.'

त्यांनी एका शनिवारी ती वसतिगृहात बसवली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा रिंग न देता.

रविवारी दहाला हॉलमधला फोन वाजला नाही. सव्वादहाला नाही, साडेदहाला नाही. तिकडे पीसीओवाल्यानं नंबर फिरवला की पहिल्याच रिंगेला आमचा प्रोग्राम लाइन उचलून 'स्वागत आहे' म्हणत होता आणि त्याचं मीटर पळायला लागत होतं. त्यानं दोनदा करून पाहिलं आणि नाद सोडला. इकडे मुली दुपारपर्यंत बसून राहिल्या. बाकीच्यांनी मनाची समजूत घातली. साडेदहाच्या पाड्याची मुलगी बारावीला होती, तिची आई महिनाभर आजारी होती. ती कुणाला न सांगता सीबीएसच्या बस स्टँडवर गेली, सुरगाण्याची गाडी पकडली, पुढे जीपच्या मागे लटकून पाड्यावर पोचली. आई अंगणात नागली पाखडत बसली होती. सगळं ठीक होतं.

सोमवारी सकाळी तिची फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती. पहिली जीप भरेपर्यंत उन्हं वर आली आणि ती नाशिकला पोचली तेव्हा परीक्षक निघून गेले होते. रेक्टरबाईंनी अर्ज केले, हात जोडले. काही झालं नाही. तिचं वर्ष गेलं.

मंगळवारी काका माझ्याकडे आले. हातात वही आणि छापील कागदांची गुंडाळी. खुर्चीवर टेकले सुद्धा नाहीत.

'हे बघ, माझ्या वहीत तीन आहे. माझ्या कागदावर तीन आहे. मग तिथे फोन लगेच का उचलतोय? मी कुठे चुकलो रे?'

मी म्हणालो, 'बघतो.'

बघायचं काय होतं? मी त्यांच्यासमोर कॉम्प्युटर उघडला, शून्याच्या जागी तीन केलं, बाहेर पाठवलं. पाच मिनिटं लागली नाहीत. ओपन सोर्समध्ये कुणी कधी काय बदललं ते सगळं नावासकट नोंदलेलं असतं. पडद्यावर दोन बोटं वर माझं नाव दिसत होतं. काकांनी चष्मा पुढे घेतला असता तर त्यांना वाचता आलं असतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

'मी तुला शेवटची फाईल पाठवली ती कुठली जुनी तर नव्हती? माझ्याकडे फार झाल्यात.'

मी म्हणालो, 'असेल.'

एवढंच. एक शब्द. ते खाली बसले. 'आणि मी रिंगही देऊन बघितली नाही,' म्हणाले. मी त्यांना पाणी दिलं.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले, हातात इंग्रजीत लिहिलेलं एक पत्र. आमच्या गटाला उद्देशून. माझ्या निष्काळजीपणामुळे आपल्या प्रोग्रामात चूक शिरली आणि एका विद्यार्थिनीचं नुकसान झालं, मी सर्वांची क्षमा मागतो, अशा अर्थाचं. 'तुझं इंग्रजी चांगलं आहे,' म्हणाले. 'जरा बघ. जगात जाणार ते.'

मी ते पत्र तपासलं. दोन ठिकाणी क्रियापदं सुधारली, एक स्वल्पविराम घातला. मग ते जगात गेलं. लोकांनी मोठ्या मनानं लिहिलं की असं होतं, मनावर घेऊ नका. ज्यानं तिनाबद्दल विचारलं होतं त्यानं तत्परतेनं दुरुस्ती केल्याबद्दल माझे आभार मानले. त्याला मागचं काही आठवत नव्हतं. त्याच्यासाठी तो एक आकडा होता.

पुढच्या रविवारी काका म्हणाले, 'मी तिच्या घरी जाऊन येतो. येतोस?' नाही म्हणायला तोंड नव्हतं. एसटीत तीन तास मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. घाट लागला तेव्हा ठरवलं की आता सांगायचं. मग मागच्या सीटवर माणसं आहेत म्हणून थांबलो. जीपमध्ये आमच्या दोघांच्या मांडीवर कुणाची तरी पोती होती, तिथेही नाही. पायवाटेला लागलो तेव्हा आजूबाजूला कोणीही नव्हतं. काका पुढे, मी मागे. त्यांना धाप लागत होती. मी म्हणालो, 'काका, हळू चला.' तेवढंच म्हणालो.

मुलीचा बाप दिंडोरीकडे द्राक्षाच्या तोडणीवर जाणारा माणूस, आम्ही येणार म्हणून त्या दिवशी थांबला होता. काकांनी पायऱ्यांवरच चप्पल काढून हात जोडले. 'माझ्या हातून तुमच्या लेकीचं वर्ष गेलं.' तो माणूस गडबडून गेला. 'आवो बाबा, हात कशाला जोडता? तुमी तर लय केलं आमच्या पोरींसाठी. मशीनच हाय, चुकतं.' मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'बसा ना सायेब, उभं का?'

मला बसवेना. ते त्याला माझं शहरीपण वाटलं असणार. त्याच्या बायकोनं आम्हाला नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं वाढलं. मी सगळं संपवलं, वर आणखी अर्धी भाकरी मागून घेतली, आणि इतका निर्लज्ज मी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

परत येताना काकांनी गाडीतच ठरवलं. त्या मुलीला पुन्हा परीक्षेला बसायचं होतं, तर फिजिक्स आपण शिकवायचं. वर्षभर दर रविवारी रिंगांची वेळ संपली की ते वसतिगृहाच्या हॉलमध्ये तिला घेऊन बसायचे. गुडघे दुखायला लागले तरी. पावसाळ्यात रिक्षानं. मी अधूनमधून जायचो, कॉम्प्युटरवरची धूळ पुसायचो, सगळं चालतंय ना बघायचो आणि निघायचो. खरं तर त्या वर्षी ते रविवार मी द्यायला हवे होते.

पुढच्या वर्षी जूनमध्ये तिचा निकाल लागला. चांगले मार्क पडले, नर्सिंगला जाणार होती. हॉस्टेल पुन्हा भरल्यावर एका रविवारी रेक्टरबाईंनी पेढे आणले आणि काकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. तिचा बाप आला होता, धुतलेला सदरा घालून. हॉलमध्ये मुली सतरंजीवर बसल्या होत्या. दहाला फोन दोनदा वाजून थांबला, कोपऱ्यातली एक छोटी 'माझ्या घरची!' म्हणून उठली आणि सगळ्या हसल्या.

रेक्टरबाई काकांबद्दल दोन शब्द बोलल्या. काकांना ते आवडलं नाही. त्यांनी हातानं थांबवलं आणि मला खांद्याला धरून पुढे ओढलं.

'माझं सोडा. माझ्यामुळे तर तिचं वर्ष गेलं,' ते म्हणाले. 'हा बघा. ह्यानं माझी चूक शोधून काढली, पाच मिनिटांत दुरुस्त केली, आणि आजपर्यंत चारचौघांत कधी बोलून दाखवली नाही.'

मुलींनी टाळ्या वाजवल्या. तिच्या बापानं माझे दोन्ही हात हातात घेतले. मग ती मुलगी पेढ्यांचं ताट घेऊन माझ्यापुढे आली आणि म्हणाली, 'दादा, एक नाही, दोन घ्या.'

मी दोन घेतले.